काका या शब्दाचा अर्ज

दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला आयुष्यभर पगार मिळाला. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. हे काम म्हणजे लेखकाची अब्रू आपण झाकायची आणि नाव मात्र त्याचं होऊ द्यायचं. निवृत्त झालो आणि ती सवय घरी घेऊन आलो. वाण्याच्या यादीतले ऱ्हस्वदीर्घ सुधारू लागलो. लिफ्टमधल्या सूचनेत 'कृपया' चुकीचं लिहिलं होतं ते लाल पेनाने दुरुस्त केलं, त्यावरून सोसायटीत एक छोटी सभा झाली. शेवटी आमची ही म्हणाली की तुम्हाला काहीतरी उद्योग हवाय, आणि आम्ही केकचं दुकान काढायचं ठरवलं. म्हणजे तिने ठरवलं. ठरल्याचं मला कळवण्यात आलं.

केक ती फार सुरेख करते. हे मी नवरा म्हणून सांगत नाही. नवरा म्हणून माझ्या वाट्याला फक्त कडेचे करपलेले तुकडे येतात. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर झेरॉक्सचं एक दुकान बंद पडलं होतं, ते भाड्याने मिळालं. भिंती रंगवल्या, काचेचं कपाट आणलं, भट्टी बसवली, आणि मग गाडी नावापाशी येऊन अडली.

माझा एक अनुभव आहे. आपण आजारी पडलो तर शेजारी दारातूनच औषध सुचवून जातात. पण आपल्याला नाव हवंय म्हटलं की ते आत येऊन बसतात आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत. समोरच्या घरातले विमावाले रोज येऊ लागले. विमा विकण्यातून ते निवृत्त झाले आहेत, समोरच्याला भविष्याची भीती घालण्यातून अजून झालेले नाहीत. त्यांचं म्हणणं, नावात गोडवा हवा, भारदस्तपणा हवा आणि शक्यतो चार अक्षरं हवीत. त्यांनी आणलेली नावं ऐकताना मला दुकान केकचं आहे की अत्तराचं, असा प्रश्न पडे. मीही भाषेचा माणूस म्हणून पाचसहा नावं काढली होती. ती ऐकून ही म्हणाली, यातलं एकही कुणाला उच्चारता येणार नाही.

मग एकदा ती कणकेसारखं काहीतरी मळता मळता म्हणाली, "काका."

मला वाटलं काकांना हाक मारतेय. पण ते नाव होतं.

काका म्हणजे हिचे काका. तिचे आईवडील एका अपघातात गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. काकांनी तिला वाढवलं, शिकवलं, आणि त्या भानगडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. आता ते आमच्याकडेच असतात. कमी बोलतात, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतात आणि मला 'जावईबापू' म्हणतात, ते आदराने की गमतीने हे मला अजून उमगलेलं नाही. दुकानाला त्यांचं नाव द्यायचं हे ऐकून ते म्हणाले, "काहीतरीच तुमचं." पण त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचलं.

मी लगेच पाटी रंगवून घेतली. परवाना मिळण्याआधी पाटी करू नये, असं विमावाले म्हणाले होते, म्हणूनच मी ती केली. पिवळ्या जमिनीवर तपकिरी अक्षरं, वर आपल्या लिपीत आणि खाली रोमन लिपीत. शुद्धलेखन मी स्वतः तपासलं. एकच अक्षर दोनदा, दोन्हीकडे काना. चुकायला जागाच नव्हती. पाटी दिवाणखान्यात ठेवली तेव्हा कळलं की ती सोफ्यापेक्षा लांब आहे. सोफा सरकवला, त्यामुळे टीव्ही सरकला, त्यामुळे काकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात गेली, आणि त्यानंतर आमच्या घरात आत-बाहेर करणारा प्रत्येकजण काकांना "जरा पाय" असं म्हणू लागला.

परवाना कार्यालयात आम्ही दोघं गेलो. तिथले साहेब सज्जन होते. कुणाचंच काम अडवायचं नाही आणि कुठेच स्वतःचं मत लिहायचं नाही, अशा दोन तत्त्वांवर त्यांची नोकरी चालली होती. त्यांनी सगळे कागद पाहिले, मान डोलावली, आणि नाव संगणकात भरलं. संगणक बाहेरदेशी कुठेतरी तयार झालेला, त्याला रोमन अक्षरंच कळत. पडद्यावर लाल पट्टी आली. साहेबांनी चष्मा पुसून ती वाचली आणि मग हिच्याकडे न बघता माझ्याकडे पडदा वळवला. हा शब्द असभ्य असल्यामुळे नोंदवता येत नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

मी म्हटलं, "क ला काना, क ला काना. यात असभ्यपणा बसलाय कुठे?"

साहेब म्हणाले की तेही रोज आपल्या काकांना काकाच म्हणतात. पण नियम असा आहे की दुकानाचं नाव कुठल्याही भाषेत अशोभनीय असता कामा नये. यंत्र म्हणतंय म्हणजे कुठल्यातरी भाषेत असणार. मी विचारलं, जगात हजारो भाषा आहेत, त्यातली कुठली? ते म्हणाले की ते शोधणं अर्जदाराचं काम आहे.

शोधायला लांब जावं लागलं नाही. विमावाल्यांची सून मूळची स्पॅनिश बोलणारी. मोठी गोड मुलगी, आपली भाषा शिकलेली, आणि 'अहो' म्हणताना इतकी जपून म्हणते की ऐकणाऱ्याला स्वतःबद्दल आदर वाटू लागतो. आमच्या पाटीचा फोटो पाहून ती लाल झाली. शेवटी तिने हिच्या कानात सांगितलं. तिच्या भाषेत लहान मूल शी करतं, त्याला आया हाच शब्द वापरतात. आणखीही काही भाषांत तसंच आहे, असं ती म्हणाली. तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली: ही मुलगी इतकी मराठमोळी बोलते, पण नवऱ्याच्या काकांना मात्र पहिल्यापासून 'अंकल' म्हणते. तिच्या संयमाबद्दल माझा आदर दुणावला.

तिच्या मुलाचा वाढदिवस होता. तिने केक आमच्याकडेच सांगितला. फक्त खोक्यावर नाव नको, असं अजिजीने म्हणाली. ही 'बरं' म्हणाली, आणि मग बराच वेळ भांडी घासत बसली. ती भांडी आधीच घासलेली होती.

आता सरळ मार्ग होता. नाव बदलायचं. नाहीतर रोमन अक्षरांत एखादा जादा 'ए' घालायचा, म्हणजे यंत्र फसतं; हे साहेबांनीच हळू आवाजात सुचवलं होतं. पण ज्या माणसाने जन्मभर जादा अक्षरं उडवली, त्याने निवृत्तीनंतर एक घालावं? मी ठरवलं की या शब्दाची बाजू मांडायची. एका भाषेने वाईट म्हटलं म्हणून काय झालं, बाकीच्यांची साक्ष काढू.

मी वाचनालयात जाऊन बसू लागलो. तिथल्या बाईंनी मला एक टेबल दिलं आणि कोशांची चळत लावून दिली. खरं सांगतो, ते दिवस फार चांगले गेले. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. फारसीतही भाऊ, आणि काही ठिकाणी काकाच. आपल्याकडे शब्द तिकडूनच आला असं काही पंडित म्हणतात, काहींना ते मान्य नाही, आणि ते एकमेकांशी तळटीपांमधून भांडतात. पंजाबीत काका म्हणजे चक्क लहान मुलगा. म्हणजे एका भाषेत ज्याच्या खांद्यावर बसायचं तो काका, आणि दुसरीत जो खांद्यावर बसतो तो काका. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत तो एक पोपट आहे. संस्कृतात काक म्हणजे कावळा, हे तर शाळेपासून माहीत होतं. आणि स्वीडिशमध्ये, हे वाचून मी वाचनालयात उभाच राहिलो, काका म्हणजे केक.

त्या टेबलापाशी बसून मी बरंच काही मनात घोळवत होतो. जगातल्या कुठल्याही तान्ह्या मुलाला सुरुवातीला चारपाच आवाजच काढता येतात. मामा, बाबा, दादा, काका. त्यातून त्याला काही म्हणायचं असतं की नुसतं तोंड हलवून पाहायचं असतं, कोण जाणे. पण शेजारी मोठी माणसं उभी असतात आणि त्यांना अर्थाची घाई असते. एका घरात 'का-का' ऐकून कुणी म्हणालं, बघा, काकाला हाक मारतोय. दुसऱ्या घरात तोच आवाज ऐकून आईने त्याला उचललं आणि मोरीवर नेलं. दोन्ही घरांत कौतुकच झालं असणार. पुढे एका घरचा तो मानाचा शब्द झाला आणि दुसऱ्या घरचा नाक मुरडायचा. बाळाचा त्यात काहीच दोष नव्हता.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, मधेच म्हणाले की त्यांची नात सध्या फक्त 'डडड' म्हणते, आणि घरात प्रत्येकाला ते आपलंच नाव वाटतं. मग ते पुन्हा साहेब झाले. कावळा शोभनीय की अशोभनीय, हे ठरेना, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. पोपट चालला. स्वीडिश केकवर माझी सगळी भिस्त होती. तो ऐकून त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, हे तुम्ही सांगायला नको होतं. विकायच्या मालाचं जे सर्वसाधारण नाव, तेच दुकानाला देता येत नाही. दुसरा नियम.

म्हणजे शब्द वाईट होता म्हणून एकदा अडकला आणि फार चांगला होता म्हणून दुसऱ्यांदा. मी जागच्या जागी बसून राहिलो. मला वाटतं साहेबांना माझी दया आली. ते म्हणाले, एकच वाट आहे. शब्दाचं सोडा. हे एका माणसाचं नाव आहे, असं दाखवा. मग ते स्वतः, त्यांची संमती, आणि तुमच्या पत्नीशी त्यांचं नातं काय त्याचा कागद, एवढं घेऊन या.

हे सोपं होतं. निदान घरी पोचेपर्यंत मला तसं वाटत होतं.

घरी विमावाले बसले होते. माझ्या गैरहजेरीत त्यांनी काकांना सगळं समजावून सांगितलं होतं. अगदी सद्हेतूने. परदेशात तुमच्या नावाचा काय अर्थ होतो, पाटी लागली की लोक तिचे फोटो कसे काढतील आणि ते जगभर कसे फिरतील. काकांनी त्यांना नीट दारापर्यंत पोचवलं. मग दिवाणखान्यातली पाटी उलटी करून भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या वयात त्यांनी ती एकट्याने कशी वळवली, देव जाणे.

संध्याकाळी ते हिला म्हणाले, "पोरी, दुसरं काहीतरी नाव ठेव. माझ्यापायी लोकांना हसू कशाला?"

ही म्हणाली, लोक हसले तर हसू देत. काका म्हणाले, लोक तुला हसतील, मला ते नको. ती म्हणाली की मग दुकानच नको. आणि खरंच तिने भट्टीचा प्लग काढला. आमच्या घरात आरडाओरडा होत नाही. ही दोघं भांडली की घर नुसतं नीटनेटकं होतं. तिने कपाटं आवरली, काकांनी जुन्या चपलांना पॉलिश केलं. मी सोफ्यावर, म्हणजे पाटीच्या पाठीला पाठ लावून बसलो. भाडं सुरू झालेलं दुकान खाली कुलपात होतं, आणि एवढे सगळे कोश चाळून माझ्याकडे या दोघांना सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं.

काही दिवसांनी सकाळी काका कपडे करून बाहेर आले आणि म्हणाले, "जावईबापू, चला तुमच्या साहेबांकडे."

मला वाटलं माणूस विरघळला. हिलाही तसंच वाटलं. तिने घाईघाईने साडी बदलली.

साहेबांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले की तुमची संमती आहे ना, तेवढं तोंडी सांगा, मी नोंदवतो.

काका म्हणाले, "मी हिचा काका नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, कारण ते खरं होतं. काका हे हिच्या आईचे भाऊ. म्हणजे मामा. आम्हा दोघांनाही हे माहीत होतं, घराला पाया आहे हे जसं माहीत असतं तसं. त्याच्यावर उभं राहायचं, त्याच्याकडे बघायचं नाही. लग्नानंतर मी एकदा विचारलं होतं, तेव्हा ही म्हणाली होती की पहिल्यापासूनच काका म्हणते, का ते तिलाही ठाऊक नाही. पाच भाषांत शब्द सिद्ध करणारा मी, आणि आमच्या स्वतःच्याच भाषेत तो चुकीचा होता.

"हवं तर जन्माचे दाखले दाखवतो," काका म्हणाले. "मी मामा आहे. तेव्हा हे नाव नोंदवता येणार नाही. एवढंच सांगायला आलोय."

आता खरं म्हणजे साहेबांनी फाइल बंद करायची. नियमाने तेच व्हायला हवं होतं. पण ते आजोबा होते, घरी 'डडड' ऐकत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग ही तुम्हाला काका का म्हणते?

काकांनी ते सांगितलं, साहेबांना, एखाद्या तक्रारीचं उत्तर द्यावं तसं.

ते तेव्हा वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करत. पोर आली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिला बरोबर घेऊन फिरत. आईवडील गेल्यापासून ती बोलत नव्हती. एक अक्षर नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. ती त्यांचं बोट धरून या दारातून त्या दारात जाई. प्रत्येक दारात कुणीतरी आत ओरडून सांगे, मीटरवाले काका आले. दिवसभर तिच्या कानावर तेवढंच. आणि एकदा एका घराची बेल वाजवली, दार उघडायला वेळ लागला, तर तिने खालून स्वतःच आवाज दिला.

"काय म्हणाली?" साहेबांनी विचारलं.

"काका आले."

कार्यालयात आमच्या मागे दोघंतिघं रांगेत होते. तेही आता जवळ सरकून ऐकत होते.

"परत येताना मी तिला म्हटलं, अगं, मी काका नाही, मामा. म्हण बघू, मामा. तर ती पुन्हा मिटली. पुन्हा कितीतरी दिवस काही नाही. मला वाटलं, झालं, घालवलं मी. मग एकदा पुन्हा म्हणाली, काका. मी म्हटलं, हो." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "शब्द चुकीचा होता साहेब. पण पोर बोलत होती. मी परत दुरुस्त केला नाही."

हिने हे कधीच ऐकलं नव्हतं. ती काकांच्या खुर्चीमागे उभी होती, म्हणून तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. मला दिसत होता. मी तो इथे लिहिणार नाही.

साहेबांनी संगणक पुढे ओढला. म्हणाले की यंत्राने नाकारलेलं नाव मान्य करायचा अधिकार खरं तर त्यांना पहिल्यापासून आहे. फक्त एका चौकटीत कारण लिहावं लागतं, आणि त्याखाली आपली सही करावी लागते. इतक्या वर्षांत त्यांनी ती चौकट कधी भरली नव्हती. आज भरतील. कारण काय लिहू?

मी तयारच होतो. फारसीपासून सुरुवात करावी म्हणून घसा साफ केला. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं आणि हिच्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, "लिहा, आमच्या घरात असंच म्हणतात."

त्यांनी तेवढंच लिहिलं, आणि सही केली. लाल पट्टी गेली. काका काहीतरी बोलणार होते, पण साहेबांनी त्यांच्यापुढे संमतीचा कागद सरकवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. काकांनी आधी कागद बघितला, मग मान वळवून मागे हिच्याकडे बघितलं, आणि पेन घेतलं.

परतताना आम्ही चालतच निघालो. काका नेहमीप्रमाणे पुढे. त्यांची चाल अजून तशीच आहे, दारामागून दार गाठायचं असल्यासारखी. चौकात सिग्नल होता. ही माझ्याबरोबर मागे रेंगाळली होती, आणि मला दिसलं की ती तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवतेय. मग ती जरा मोठ्याने म्हणाली, "मामा."

काकांनी वळून पाहिलं नाही. ते सरळ चालत राहिले.

ती आणखी मोठ्याने म्हणाली, "अहो मामा, थांबा ना."

चौकाच्या मधोमध उभा असलेला वाहतूक पोलीस वळला. त्याने आमच्याकडे पाहिलं, शिट्टी वाजवली आणि हात आडवा करून चारी बाजूंची वाहनं थांबवली. एक वयस्क बाई इतक्या काकुळतीने हाक मारतेय म्हणजे तिला रस्ता ओलांडायचा असणार, असा त्याने अर्थ घेतला, आणि त्याच्या जागी मीही तोच घेतला असता. वाहनांच्या त्या शांततेत मी त्याला नमस्कार केला. दुसरं काय करणार?

शिट्टी ऐकून मात्र काका थांबले होते. पोलिसाकडे आणि मग हिच्याकडे बघत म्हणाले, "त्यांना कशाला हाक मारतेस? काय झालं?"

तिने पदराने डोळे पुसले आणि पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"काही नाही, काका," ती म्हणाली. "रस्ता ओलांडायचा होता."